मोठ्या मायचा बिल्ला

१२ जून. सकाळी नऊ वाजता मी नगरपंचायतीच्या गच्चीवर जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं उन्हात घालत होते. दरवर्षी पावसाच्या आधी मी हे काम करते. करायला कोणी सांगत नाही. पण नाही केलं तर पोळ्यापर्यंत कपाटात वाळवी शिरते, आणि ज्याचा आजोबा वाळवीने खाल्ला तो माझ्याच टेबलाशी येऊन भांडतो. जुनी चादर अंथरायची, रजिस्टरं उभी ठेवायची, पानं सुटी करायची, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला घालायचा. बारानंतर सगळं सावलीत ओढायचं, नाहीतर शाई उडते. असं तीन दिवस.

मोठी माय जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. सुतकात ऑफिसला गेले म्हणून लोक बोलले. बोलू दे. वाळवी सुतक पाळत नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. त्यानंतर मला वाढवलं ते मोठ्या मायने, तिच्या स्वतःच्या मुलाबरोबर. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही, गावाचंही नाही. का, ते पुढे कळेल.

गाव भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेच्या टोकाला आहे. नदी ओलांडली की मध्यप्रदेश. मँगनीजची खदान निघाली म्हणून इथे वस्ती झाली, आणि खदान बंद पडली तरी वस्ती उठली नाही, कारण जायला दुसरीकडे काही नव्हतं. आता खदानीच्या खड्ड्यात हिरवं पाणी आहे आणि बाजूला मातीचे काळे ढिगारे. ढिगाऱ्यांवरून चालून आलेल्या माणसाचे तळवे चार दिवस काळे राहतात. खदानीत कामाला नदीपलीकडून माणसं आली, छत्तीसगढमधून आली, जंगलातल्या गोंडांच्या पाड्यांतून आली, आमच्यासारखी धानाच्या गावांतूनही आली. त्यामुळे आमच्या बाजारात भाजीवाली पोवारीत भाव सांगते, गिऱ्हाईक हिंदीत घासाघीस करतं, आणि भांडण लागलं की दोघंही मराठीत येतात.

रजिस्टरंही तशीच आहेत. सगळ्यात जुनी हिंदीत, नंतरची मराठीत. लिहिणारा एका भाषेचा, सांगणारा दुसऱ्या भाषेचा, त्यामुळे काय वाटेल ते लिहिलेलं सापडतं. एकदा मेलेल्याच्या रकान्यात खबर द्यायला आलेल्याचं नाव पडलं होतं, आणि तो जिवंत माणूस वर्षभर रेशन दुकानात भांडत होता. तेव्हापासून मी एक शिस्त लावून घेतली. नोंद भरली की ती समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायची. नाव, नवऱ्याचं नाव, वय, तारीख, कारण, एकेक. मग विचारायचं, "बरोबर आहे?" तो स्वतःच्या तोंडाने "बरोबर आहे" म्हणाला नाही, तर सही घ्यायची नाही. मागची माणसं वैतागतात. वैतागू दे.

त्या दिवशी चादरीवर जी रजिस्टरं होती, त्यात एक हिरव्या पुठ्ठ्याचं होतं. ते मी पहिल्यांदा उघडलं, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि ग्रामपंचायतीत नुकतीच कारकून म्हणून लागले होते. आईची नोंद बघावी म्हणून उघडलं. आई खदानीत दरड कोसळून गेली, एवढं मला माहीत होतं. वर्षही माहीत होतं. नोंद सापडली. कारण बरोबर होतं, तारीख बरोबर होती. नाव मात्र मोठ्या मायचं होतं. वय सव्वीस, धंदा मजुरी, नवऱ्याच्या नावाच्या जागी मोठ्या बाबांचं नाव.

मी संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. मोठी माय चुलीपुढे होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो नोनी, कागद में तो मैंच मरी हूँ. भात उतर."

नोनी म्हणजे मुलगी. ती छत्तीसगढची होती. मोठ्या बाबांनी खदानीतच जमवलेलं लग्न होतं ते. घरच्यांनी वर्षभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, मग विसरले. माझी आई जिल्ह्यातलीच, सानगडीकडची, रीतसर बघून केलेली.

भात उतरल्यावर तिने सांगितलं ते असं.

खदान त्या वेळी ठेकेदाराकडे होती. मजूर बायकांना आमच्याकडे रेजा म्हणतात. प्रत्येक रेजाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला असायचा. सकाळी हाजिरीबाबू नंबर पुकारायचा, बाई बिल्ला वर करायची, हाजिरी पडायची. तोंडाकडे कोणी बघायचं नाही. आणि ओळीने चार-पाच दिवस नंबर पडला नाही, तर बिल्ला दुसरीला जायचा. त्यामुळे बाई बाळंत झाली, तापाने पडली, तर तिचा बिल्ला घेऊन जाऊ, नणंद, बहीण, जी मोकळी असेल ती जायची. बदली म्हणायचे त्याला. मुकादमाला ठाऊक असायचं, सगळ्या लाइनीला ठाऊक असायचं. खदानीच्या क्वार्टरांना आम्ही लाइन म्हणतो.

मोठी माय बाळंत झाली. मुलगा झाला, माझा चुलतभाऊ. बिल्ला जाऊ नये म्हणून तिच्या जागी माझी आई जाऊ लागली. आईचा स्वतःचा बिल्ला नव्हता. ती खदानीत कामालाच नव्हती. आठव्या दिवशी दुपारी, सुरुंगानंतर, वरची कड सुटली. खाली दगड फोडत बसलेल्या दोघी गेल्या, त्यातली एक ती.

चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कमरेला बिल्ला होता. माझे बाबा तिथेच ड्रिलवर होते. त्यांना बोलावून विचारलं, ही कोण. बाबांनी लुगडं ओळखलं. मुकादम बाजूला उभा होता, तो हळूच म्हणाला, "जिसका बिल्ला, उसकी बाई. सच बोलेगा तो बिना काम की बाई मरी, कुछ नहीं मिलेगा. और कल से दोनों भाई घर बैठो."

बाबा म्हणाले, "वहिनी हाये माही."

तिथून सगळं ठरलं. मोठे बाबा रंडवे झाले, त्यांनी डोकं भादरलं. आतल्या खोलीत मोठी माय आठ दिवसांचं लेकरू घेऊन पडली होती आणि बाहेर तिच्या नावाने रडणाऱ्या बायकांचा आवाज ऐकत होती. बाबांना नवरा म्हणून रडता आलं नाही. वहिनीसाठी दीर जितका रडेल, तितकंच ते रडले. बायको गेली म्हणून मोठ्या बाबांना पक्की नोकरी आणि दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. बिल्ला हाजिरीबाबूने काढून घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या बाईला दिला.

रेशनकार्डावर माझ्या आईचं नाव होतं, ती तर कागदावर जिवंत होती. मोठ्या मायने ते नाव घेतलं. मतदार यादीत तेच, बँकेत तेच. आधार कार्डाच्या शिबिरात मीच तिला घेऊन गेले होते. तिथल्या पोराने गप्पा मारत विचारलं, "आजी, माहेर कोणतं?" तिने पाठ केलेलं सांगितलं, सानगडी. तो खूश झाला. "माह्या मामाचं गाव! कोनत्या मोहल्ल्यात?" मोठी माय म्हणाली, "भूल गई बेटा, बहुत दिन हो गए." तो हसायला लागला, "सानगडीची बाई अन् असं बोलते?" मी म्हटलं, "इथं सगळेच असं बोलतात. बोट ठेव म्हण त्यांना."

बाबा गेले तेव्हा कागदावर ती विधवा झाली. खरा नवरा ओट्यावर बिडी ओढत बसलेला. निराधार पेन्शनच्या चौकशीला माणूस येणार असला की ती कुंकू पुसायची, बांगड्या काढून तांदळाच्या डब्यात टाकायची आणि मोठ्या बाबांना म्हणायची, "जा, नदी पे घूम के आ. मेरा आदमी मर गया है." चौकशीवाला गेला की पुन्हा कुंकू. दोघंही यावर हसायचे. मी हसत नसे. पुढे मोठे बाबा खरोखर गेले, तेव्हा पुसायला कपाळावर काही उरलंच नव्हतं, चौकशीच्या धास्तीने तिने ते कधीचं सोडून दिलं होतं.

मी नोकरीत पक्की झाल्यावर एकदा तिला विचारलं होतं, तुझं नाव नीट करून घेऊ का, मला रस्ता माहीत आहे. ती म्हणाली, "रहने दे. नाम का क्या है नोनी, आवाज दिया तो सुनाई आना चाहिए."

ही मोठी माय नऊ जूनला पहाटे, लाइनीतच मिळालेल्या घरकुलात, स्वतःच्या खाटेवर गेली. झोपेतच.

तर बारा तारखेला, अकराच्या सुमारास, चुलतभाऊ गच्चीवर आला. तो राइस मिलमध्ये मशीनवर असतो. भादरलेलं डोकं, अंगात मिलचाच शर्ट. मला बाई म्हणतो, आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"आजच कायले काम सुरू केलं, बाई?"

"मग वाळवीला काय सांगू, तेरवीनंतर ये म्हणून?"

तो चादरीच्या कडेला उकिडवा बसला आणि दोन कागद पुढे केले. एक डॉक्टरचा, मृत्यूच्या कारणाचा. त्यावर आधारप्रमाणे माझ्या आईचं नाव. दुसरा खबर देण्याचा फॉर्म, त्याने स्वतः भरलेला. त्यावर मोठ्या मायचं खरं नाव, नवऱ्याच्या जागी मोठ्या बाबांचं.

"ही दोन नावं कशी?"

"एक डॉक्टरनं लिवलं. एक खरं हाये."

"खऱ्याचं इथं काम नाही. जुळलं पाहिजे. आधारचा नंबर टाकला की तुझं खरं बाहेर पडते."

"मंग नको टाकू नंबर."

मी हिरवं रजिस्टर उचललं, पान काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. ऐकलेलं होतं, सगळ्यांनी ऐकलेलं होतं, पण लिहिलेलं पाहणं वेगळं. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं. वाचून झाल्यावर बोट उचललं नाही.

"ही तुझी आई," मी म्हटलं. "तू आठ दिवसांचा असताना मेलेली. मेलेल्या माणसाची मी दुसऱ्यांदा नोंद नाही घेऊ शकत."

त्याने बोट उचललं. मग त्याच्या डोक्यात जे तीन दिवस फिरत होतं ते बाहेर आलं.

"समजलं मले. कागदावर ते तुही माय, अन् मी कोन? पुतन्या. घरकुल तिच्या नावानं. म्हंजे वारस कोन, तू. घर पायजे त सरळ सांग ना, बाई. कायदा कायले शिकवून राहिली?"

"मला माझं घर आहे. नवऱ्याने बांधलंय, गळत नाही. तुझं गळते. मागच्या पावसात बादल्या मीच आणून दिल्या होत्या तुला."

"त मंग लिव ना खरं!"

"हक्कसोड लिहून देते तुला. आज स्टँपपेपर आणते, उद्या सही करते. झालं घराचं?"

घराचं झालं, असं त्याच्या तोंडावर दिसलं नाही. रजिस्टर त्याने मांडीवर ओढून घेतलं होतं.

"दवाखान्यात नर्स तुह्या मायच्या नावानं पुकारे," तो म्हणाला, "अन् माही माय उठे. दर वेळी. एकदा बी चुकली नाई. मी बाजूले बसून राहो, मले वाटे, एखाद्या वेळी त चुकावं तिनं. जित्तेपनी दुसऱ्याच्या नावानं राहिली. आता मरून त माही माय होऊ दे."

मला राग आला. का आला ते तेव्हा कळलं नाही.

"आणि माझी? तुझ्या आईची चुकीची का होईना, नोंद आहे. माझी आई कुठं मेली दाखव मला. ही सगळी रजिस्टरं पडली आहेत, कोणतंही घे आणि दाखव."

त्याने कोणतंही रजिस्टर घेतलं नाही. खाली बघत म्हणाला, "माह्याच्यानंच गेली ना ते. मी झालो म्हणून गेली ते कामावर."

हे त्याने पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. त्याला कोणी ऐकवलंही नव्हतं, निदान माझ्यासमोर तरी नाही. पण लाइनीत वाढलेल्या माणसाला ऐकवावं लागत नाही.

"आठ दिवसांच्या पोराचा काय दोष," मी म्हटलं. "घरी जा. उद्या साडेदहाला ये. काय करायचं ते मी ठरवते."

रस्ता मला ठाऊक होता. अशी प्रकरणं मी दुसऱ्यांची केली आहेत. दोघींच्या नोंदींसाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज, दोन प्रतिज्ञापत्रं, जुनी माहिती असलेले दोन साक्षीदार. चौकशीला माणूस लाइनीत येतो, जबाब घेतो. मग जुन्या नोंदीत शेरा पडतो आणि राहिलेली नोंद उशिराची म्हणून घेता येते. होतं. वेळ लागतो, पण होतं. बाराला मी रजिस्टरं सावलीत ओढली आणि दुपारभर टेबलाशी बसून अर्जाचा कच्चा मसुदा लिहिला. दीड पान झालं. आईचं वय लिहिताना मोजून बघावं लागलं. तेवीस. माझी धाकटी मुलगी आता तेवढी आहे.

संध्याकाळी सहाला मी डब्यात वरण-भात घेऊन चुलतभावाकडे गेले. तेरवीपर्यंत त्यांच्या घरी चूल पेटत नाही, नातेवाईक आळीपाळीने डबा देतात. ओट्यावर समोरच्या घरची म्हातारी रेजा बसलेली होती. लाइनीत तिच्या बरोबरीच्या आता तिघी-चौघीच उरल्या आहेत. चुलतभाऊ आत होता. काय झालं ते त्याने घरी सांगितलं असणार आणि घरातलं ओट्यावर आलं असणार.

"बस बाई," ती म्हणाली. "आईकलं का तू साहेबाले अर्ज देऊन राहिली."

"अजून दिला नाही."

"देजो. साहेब येईन लाइनीत. तुह्या मोठ्या मायचं इचारन. मंग मले इचारन, आजी, तू कोन? मी काय सांगू?"

मला माहीत होतं ती कोण. ती नणंदेच्या बिल्ल्यावर लागली आणि नणंदेच्याच नावाने खदान बंद होईपर्यंत राहिली.

"मी मेली का कागदावर नणंद मरन," म्हातारी म्हणाली. "अन् नणंद त बालाघाटले पोराजवळ जित्ती हाये, दोन टाइम जेवते. तिले आधी फोन करून सांगजो माय, नाईतर घाबरन."

आतून चुलतभावाची बायको हसली. मीही हसले, इलाज नव्हता. म्हातारी हसली नाही.

"तिकडच्या कोपऱ्यातली बहिणीच्या नावानं. हनुमानाच्या देवळामागची सासूच्या. तुले त सारं माहीत हाये, तुह्याच कपाटात हाये सारं. एकाचं खोललं का सगळ्याइचं खोलनं पडते. पेन्शन बंद, घरकुल बंद. आता या वयात आमाले कोन बिल्ला देईन?"

मी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"तुही माय माह्या बाजूलेच बसली होती त्या दिवशी," ती म्हणाली. "पानी प्याले म्हणून मी उठली. साऱ्या लाइनीनं पाह्यलं, कोन मेली ते. कोनी तोंड नाई उघडलं. नाई उघडलं म्हणून तुह्या मोठ्या बाबाची नोकरी टिकली, अन् तू शाळेत गेली. हे बी लिवजो अर्जात."

तिने टोमणा मारला नव्हता. होतं ते सांगितलं होतं. माझी शाळा, माझं टायपिंग, माझी नोकरी, सगळं त्या एका खोट्या ओळीतून निघालं होतं. मी डबा आत ठेवला. छताचा कोपरा पाहिला, ओल पार बीमपर्यंत उतरली होती. चुलतभाऊ खाटेच्या जागेकडे तोंड करून बसला होता. खाट बाहेर काढली होती, फरशीवर तिच्या चार पायांचे डाग होते.

"साडेदहा," मी म्हटलं.

"हाव."

घरी येऊन मी मसुद्याचं दीड पान फाडलं आणि चुलीत टाकलं. गॅस आहे, पण अंघोळीच्या पाण्याला आम्ही अजून चूल पेटवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सव्वादहालाच आला. मी आधी हक्कसोडीचा कागद त्याला दाखवला, माझी सही झालेली होती. नोंदणीला कधी जायचं ते सांगितलं. त्याने घडी करून खिशात घातला, उघडून पाहिला नाही. मग मी नवा कोरा फॉर्म काढला, त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि भरायला घेतला. आधारचा नंबर टाकला, सगळं जुळलं. नोंद भरून झाल्यावर मी नेहमीसारखी मोठ्याने वाचली. मयताचं नाव म्हणून माझ्या आईचं नाव वाचलं. नवऱ्याचं नाव म्हणून माझ्या वडिलांचं. वय बहात्तर, आधारप्रमाणे. मृत्यूची तारीख नऊ जून, मृत्यूचं ठिकाण राहतं घर. कारण वृद्धापकाळ. खबर देणाऱ्याचं मयताशी नातं, पुतण्या.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाच."

मी पुन्हा वाचलं, पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत. मागे एक माणूस नातीच्या जन्माच्या दाखल्यासाठी उभा होता, तो पाय बदलत होता.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

मी दाखला छापला, शिक्का मारला, त्याच्या हातात दिला. माझ्यासाठी प्रत काढली नाही. मागच्या माणसाचं काम केलं. मग रजिस्टरांना दुसऱ्या दिवसाचं ऊन द्यायचं राहिलं होतं म्हणून गच्चीवर गेले, चादर अंथरली आणि हिरव्या पुठ्ठ्याचं कडेला ठेवलं, तिथे ऊन आधी येतं.